कामगारांचे कैवारी : रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

रणांगणावर शत्रूस जिंकणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों, आणि तें योग्यच आहे. परंतु जगांत कांहीं पुरुष असेही होऊन गेले आहेत कीं, त्यांनीं तरवार हातीं धरिली नाहीं, राज्य संपादिलें नाहीं, फार काय पण त्यांच्या पदरीं द्रव्यही नव्हतें. तथापि त्यांच्या खटपटीमुळें सहस्रावधि गरिबांचे हातपाय शाबूत राहिले व सहस्रावधि घरांतील चूल पेटती राहिली. अशा पुरुषांत कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांची गणना करावी लागते. कारखान्यांतील मजुरास आठवड्यांतून एक दिवस विसावा मिळावा, दुपारीं भाकरी खाण्यापुरता वेळ मिळावा, आणि यंत्रांत सांपडून तो जखमी झाला तर त्याच्या बायकामुलांवर उपासमारीची पाळी येऊं नये, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टींसाठीं या गृहस्थानें आपलें आयुष्य वेंचिलें.

आपल्या नांदेड व लातूर या भागांतील विद्यार्थ्यांस हें चरित्र विशेष जवळचें वाटावें असें आहे. नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी ही एके काळीं या शहराच्या उद्योगाचा मुख्य आधार होती; ती आतां बंद पडली आहे. तथापि मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत पिकणारा कापूस अद्यापि जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत येतो, लातूरच्या डाळमिलांत तुरीची व हरभऱ्याची डाळ होते, आणि तेलगिरण्यांतून तेल निघतें. या ठिकाणीं राबणाऱ्या लोकांचीं मुलें आपल्याच शाळेंत, आपल्या शेजारच्या बाकावर बसतात. त्यांचे वडील सायंकाळीं धडधाकट घरीं परत येतात, यामागें किती जणांची तपश्चर्या आहे हें आपणांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

नारायणरावांचा जन्म १८४८ सालीं ठाणें येथें एका गरीब फुलमाळी कुटुंबांत झाला. त्यांचें घराणें मूळचें पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांतल्या कन्हेरसर गांवचें. ज्या सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं पुण्यांत मुलींसाठीं शाळा काढिली, त्याच सालीं हा बालक जन्मास यावा, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कारण पुढें या दोघांचा गुरुशिष्यासारखा संबंध जडावयाचा होता. घरच्या परिस्थितीमुळें नारायणरावांचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे जाऊं शकलें नाहीं. त्यांनीं आरंभीं रेल्वेंत व नंतर पोस्टखात्यांत नोकरी केली, आणि पुढें मुंबईंत मांडवी येथील एका कापडगिरणींत भांडारगृहावरील कारकुनाचें काम पत्करिलें. हीच नोकरी त्यांच्या आयुष्यास वळण देणारी ठरली. गिरणींत काय सामान येतें व काय खर्ची पडतें याचा हिशेब ठेवणें हें त्यांचें काम. परंतु तो हिशेब ठेवितां ठेवितां, माणसाचें बळ, माणसाचे डोळे आणि माणसाचीं बोटें हींही रोज किती खर्ची पडतात व त्यांची नोंद मात्र कोणत्याही वहींत होत नाहीं, ही गोष्ट त्यांच्या नजरेस आली.

त्या काळच्या गिरणीची कल्पना आज वाचकांस सहज येणार नाहीं, म्हणून तिचें थोडें वर्णन करणें इष्ट आहे. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत सूतगिरणीची कंपनी स्थापिली व १८५६ सालीं ताडदेव येथें ती गिरणी सुरू झाली. पुढें वीस-पंचवीस वर्षांत मुंबईंत गिरण्यांचीं धुरांडीं जिकडेतिकडे दिसूं लागलीं. त्या वेळीं यंत्रें विजेवर चालत नसत. एका बाजूस बॉयलर, त्याच्या वाफेवर चालणारें एक प्रचंड इंजिन, आणि त्या इंजिनानें फिरविलेला लांबच लांब लोखंडी दांडा छताखालून सर्व गिरणीभर गेलेला असे. या दांड्यावरील चाकांवरून चामड्याचे पट्टे खालीं उतरत व एकेका यंत्रास गति देत. इंजिन एक व यंत्रें शेंकडों, यामुळें एका माणसाचा हात अडकला म्हणून सर्व गिरणी तात्काळ थांबविणें शक्य नसे. पट्टे उघडे, दांतेरी चाकें उघडीं, दोन यंत्रांमधील वाट अरुंद. त्यांत कामकऱ्याचें धोतर, लुगड्याचा पदर किंवा केंसांची वेणी पट्ट्यांत गेली तर माणूस ओढला जाई. साच्यांतील धोटा उसळून बाहेर आला तर समोरच्याचा डोळा जाई. हवेंत कापसाचा तंतु भरलेला, उष्णता असह्य, आणि आगीचें भय निरंतर.

आणि अशा ठिकाणीं काम करावयाचें तें किती वेळ? घड्याळाप्रमाणें नव्हे, तर सूर्याप्रमाणें. पहाटे उजाडलें कीं गिरणी सुरू व्हावयाची आणि अंधार पडला कीं बंद व्हावयाची. उन्हाळ्यांत हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. मध्यें विसावा बहुधा पंधरा-वीस मिनिटांचा. आठवड्याची ठराविक सुटी नाहीं. यंत्र साफ करण्यासाठीं अगर सणासाठीं गिरणी बंद राहील तेवढीच विश्रांति. पगार महिना संपल्यावर कित्येक दिवसांनीं हातीं पडे, तोंवर वाण्याचें व सावकाराचें देणें वाढत जाई. सात-आठ वर्षांचीं मुलें आईबापांबरोबर राबत. दमलेल्या माणसाचें लक्ष उडतें, हात थरथरतो, पाय घसरतो. आणि उघड्या यंत्राजवळ एक क्षणाची चूक जन्माचें पंगुत्व आणिते. म्हणून कामाचे तास आणि अपघात हे दोन निराळे प्रश्न नसून एकाच दुखण्याचीं तीं दोन लक्षणें आहेत, हें मर्म नारायणरावांनीं गिरणीच्या भिंतींच्या आंत राहून ओळखिलें. त्यांची पुढील सर्व चळवळ या एका निरीक्षणावर उभारलेली दिसते.

महात्मा फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्या समाजाच्या विचारांकडे नारायणराव लवकरच ओढले गेले आणि मुंबईंतील त्याच्या कार्याचे ते एक आधारस्तंभ झाले. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यांत दीनबंधु या नांवाचें पत्र काढिलें होतें. परंतु द्रव्याच्या अभावीं तें चालविणें कठीण झालें. १८८० सालीं नारायणरावांनीं तें मुंबईस आणून त्याचें संपादन आपल्या शिरावर घेतलें. गिरणींतील बऱ्यापैकीं नोकरीवर पाणी सोडून, ज्याच्या वर्गणीदारांत श्रीमंत कोणी नाहीं अशा पत्राचा संसार मांडणें, हें धाडसच होतें. परंतु त्या पत्राच्या द्वारें शेतकरी व गिरणीकामगार यांचीं गाऱ्हाणीं प्रथमच मराठींत नियमितपणें छापून येऊं लागलीं. ज्यांस वाचतां येत नसे त्यांस कोणी वाचून दाखवी, आणि आपलें दुःख हें केवळ आपल्या नशिबाचें नसून त्यावर उपाय आहे, ही जाणीव चाळींतून पसरूं लागली.

या सुमारास कारखान्यांच्या कायद्याचा प्रश्न निघाला होता. मुंबईंतील थोर मनाचे पारशी गृहस्थ सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं गिरण्यांतील मुलांच्या व स्त्रियांच्या स्थितीकडे लोकांचें लक्ष वेधिलें होतें. दुसऱ्या बाजूस मँचेस्टरच्या कापडवाल्यांसही हिंदी गिरण्यांवर निर्बंध हवे होते. पण त्यांचा हेतु परोपकाराचा नसून स्पर्धेचा होता. यामुळें आपल्या इकडील अनेक सुशिक्षितांस असें वाटूं लागलें कीं, कारखान्यांचा कायदा म्हणजे देशी उद्योगाचा गळा दाबण्याची परक्यांची युक्ति होय. ही शंका अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु नारायणरावांची भूमिका निराळी होती. औषध वैऱ्यानें सुचविलें म्हणून रोग्यानें तें घेऊं नये काय, असा त्यांच्या पक्षाचा मथितार्थ होता. देशाचा उद्योग वाढला पाहिजे हें खरें. पण तो सात वर्षांच्या पोरांच्या बोटांवर वाढविणें कांहीं खरा देशाभिमान नव्हे. विद्वानांच्या मताविरुद्ध जाऊन ही गोष्ट बोलून दाखविणें त्या काळीं सोपें नव्हतें.

१८८१ सालीं हिंदुस्थानांतील पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवूं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, त्यांस रोज एक तास विसावा व महिन्यांतून चार सुट्या द्याव्या, धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालावें, आणि अपघात झाल्यास त्याची वर्दी द्यावी, अशीं त्याचीं मुख्य कलमें होतीं. परंतु वाफेच्या किंवा तत्सम शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यांसच तो लागू होता. वर्षांतून चार महिन्यांपेक्षां कमी काळ चालणारे कारखाने त्यांतून वगळले होते. यामुळें कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिनिंगचे कारखाने मोकळे सुटले. खानदेशांतील अशा कारखान्यांत स्त्रीपुरुषांस पहाटेपासून रात्रीं उशिरापर्यंत राबविलें जात असे, हें पुढील चौकशींत उघड झालें. शिवाय प्रौढ पुरुष व स्त्रिया यांच्याविषयीं या कायद्यांत तासांची कांहींच मर्यादा नव्हती. आपला मराठवाडा तर त्या वेळीं निजामच्या राज्यांत असल्यामुळें ब्रिटिश मुलखांतील या तुटपुंज्या कायद्याचाही येथें आपोआप अंमल होत नसे.

हा कायदा अपुरा आहे अशी ओरड झाल्यावरून मुंबई सरकारनें १८८४ सालीं चौकशीसाठीं एक मंडळ नेमिलें. हीच वेळ साधून नारायणरावांनीं त्या वर्षींच्या सप्टेंबर महिन्यांत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. हिंदुस्थानांत गिरणीकामगार आपलें म्हणणें ठरविण्यासाठीं अशा रीतीनें एकत्र जमण्याचा हा अगदीं आरंभींचा प्रसंग होय. या सभांत एक अर्ज मंजूर झाला व त्यावर ५,५०० कामगारांनीं सह्या अगर निशाण्या केल्या. बॉंबे मिलहँड्स असोसिएशन म्हणून जी संस्था या देशांतील कामगारांची पहिली संघटना गणली जाते, तिचा उगम येथेंच झाला. तीस नियमावली नव्हती, वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती. आजच्या अर्थानें ती मजूरसंघ नव्हती असें इतिहासकार म्हणतात, व तें बरोबर आहे. पण बीं पेरतांना त्यास फांद्या कोठें आहेत असें कोणी विचारीत नाहीं.

त्या अर्जांत पांच मागण्या होत्या. पहिली, दर रविवारीं पूर्ण दिवसाची सुटी मिळावी. रविवार हा खंडोबाचा वार असल्यानें मराठी कामगारांसही तो प्रिय होता. दुसरी, दुपारीं अर्धा तास विसावा असावा. तिसरी, काम सकाळीं साडेसहा वाजतां सुरू होऊन सूर्यास्तास संपावें. चौथी, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. पांचवी मागणी या सर्वांत दूरदृष्टीची होती. काम करीत असतां ज्या कामगारास गंभीर दुखापत होईल, त्यास बरा होईपर्यंत पुरा पगार द्यावा; आणि तो जन्माचा पंगु झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तजवीज करावी.

या पांचव्या मागणीचें महत्त्व आपण नीट समजून घेऊं. त्या काळीं समज असा होता कीं, यंत्रांत हात गेला तर तो हात घालणाराचाच दोष. मालकास नवा माणूस दारांत उभा मिळे. त्यास अपघाताची कांहींच किंमत पडत नसे. ज्या गोष्टीची किंमत पडत नाहीं ती टाळण्याची कोणी फारशी काळजीही घेत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. पण प्रत्येक दुखापतीचा खर्च कारखान्याच्या खर्चांत धरावा लागला, म्हणजे पट्ट्याभोंवतीं लांकडी कुंपण बांधणें हेंच स्वस्त पडूं लागतें. अर्थात् ही मागणी केवळ दयेची नव्हती. अपघात मुळांतच होऊं नयेत याची ती गुरुकिल्ली होती. आज मोठमोठे तज्ज्ञ जें शास्त्र शिकवितात, त्याचा एक मूळ सिद्धांत मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या या गृहस्थानें १८८४ सालीं कामगारांच्या अर्जांत नमूद केला होता.

अर्जाचें फळ तात्काळ मिळालें नाहीं. मंडळानें अहवाल दिला, कागद दप्तरीं पडले, आणि वर्षांमागून वर्षें गेलीं. परंतु नारायणराव हे निराश होऊन बसणारे नव्हते. १८८९ सालीं त्यांनीं पुन्हां अर्ज करविला. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत महालक्ष्मी येथें गिरणीकामगारांची प्रचंड सभा भरली. तींत सुमारें दहा हजार लोक हजर होते. या सभेंत दोन कामकरी स्त्रियांनीं उभें राहून भाषणें केलीं, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें अपूर्व होय. साप्ताहिक सुटीची मागणी करणारा अर्ज गिरणीमालकांच्या मंडळाकडे गेला, आणि १० जून १८९० रोजीं त्या मंडळानें ती मान्य केली. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या कारखाना चौकशी आयोगाच्या मुंबईंतील कामांतही नारायणरावांनीं साहाय्य केलें. त्या आयोगानंतर १८९१ सालीं सुधारलेला कायदा झाला. त्यानें सर्व कामगारांस आठवड्याची सुटी व दुपारचा अर्धा तास विसावा दिला. स्त्रियांचे तास अकरापर्यंत मर्यादित केले. मुलांचें किमान वय सातावरून नऊ वर्षांवर नेलें, व चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस सात तासांची मर्यादा घातली. आणि शंभराऐवजीं पन्नास माणसें असलेला कारखानाही कायद्याच्या कक्षेंत आणिला. कसलाही दंगा न होतां, कोणाचें रक्त न सांडतां, हें सर्व घडून आलें. मात्र जखमी कामगाराच्या भरपाईची मागणी तशीच राहिली.

नारायणरावांचें कार्य गिरणीपुरतेंच नव्हतें. विधवांचें केशवपन करण्याची निर्दय चाल बंद पडावी म्हणून १८९० सालीं मुंबईंतील न्हाव्यांनीं हें काम करावयाचें नाहीं असा निश्चय केला. त्यामागें नारायणरावांची प्रेरणा होती. १८९३ सालीं मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला, तेव्हां दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून त्यांनीं फार श्रम घेतले. या लोकसेवेबद्दल सरकारनें त्यांस १८९५ सालीं रावबहादुर ही पदवी दिली. पदवी मिळाली तरी त्यांची राहणी व त्यांचे सोबती बदलले नाहींत.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. ज्या मांडवी भागांत नारायणरावांनीं गिरणीची नोकरी केली, तेथेंच या रोगानें प्रथम थैमान घातलें. ज्यास शक्य तो शहर सोडून पळाला. गिरण्या ओस पडूं लागल्या. नारायणराव मात्र रोग्यांच्या शुश्रूषेच्या कामीं लागले व त्यांच्यासाठीं रुग्णालयाची व्यवस्था करण्यांत गढून गेले. अखेर त्याच रोगानें त्यांस गांठिलें आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांचें वय पन्नाशीच्याही आंत होतें. त्यानंतर सुमारें एका महिन्यानें, १० मार्च रोजीं, प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असतां सावित्रीबाई फुले यांनींही पुण्यांत देह ठेविला. दीनबंधु पत्र पुढें वासुदेवराव बिर्जे व त्यांच्या मागें त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनीं चालविलें.

चरित्रनायकाचा अंत झाला तरी त्याच्या कार्याचा अंत होत नाहीं. नारायणरावांनीं सूर्यास्तास काम बंद व्हावें असें मागितलें होतें. पण १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाच नाहींशी झाली. कित्येक गिरण्या दिवसाचे पंधरा तास चालूं लागल्या. नवें साधन माणसाच्या सुखासाठीं येतें, परंतु त्याबरोबर नवा नियम आला नाहीं तर तेंच साधन जाच होऊन बसतें, याचें हें बोलकें उदाहरण आहे. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्याही कामास बारा तासांची मर्यादा घातली. १९१५ सालीं टाटा कंपनीच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली, आणि हळूहळू वाफेचें इंजिन व छताखालचा तो दांडा मागें पडत गेला. १९२३ सालीं कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. म्हणजे नारायणरावांची पांचवी मागणी अर्ज केल्यापासून एकोणचाळीस वर्षांनीं व त्यांच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनीं कायद्यांत उतरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखातें सांभाळीत असतां मांडल्या गेलेल्या १९४६ च्या दुरुस्तीनें आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसांवर आले, आणि १९४८ सालीं स्वतंत्र भारताचा विस्तृत कारखाना कायदा झाला.

आतां आपल्या गांवच्या कारखान्यांकडे पाहूं. नारायणरावांच्या काळचा धोका डोळ्यांस दिसत असे. पट्टा फिरतांना दिसे, चाकाचा आवाज येई. विजेचा धोका दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, आणि तार जिवंत आहे कीं मृत हें पाहून कळत नाहीं. जुन्या तऱ्हेच्या साठ वॅटच्या एका दिव्यांतून जेवढा प्रवाह वाहतो, त्याच्या आठव्या हिश्श्याइतका प्रवाहही शरीरांतून गेला तर माणसाच्या प्राणावर बेततें. आणि कारखान्यांतील मोटारी तर घरच्या २३० व्होल्टांवर नव्हे, ४१५ व्होल्टांवर चालतात. म्हणून जुन्या नियमांचा अर्थ नव्या यंत्रास लावून पाहणें अवश्य आहे.

पट्ट्याभोंवतीं जें कुंपण, तेंच विजेच्या तारेवरील आवरण. तें फाटलें असतां चिंधी गुंडाळून काम भागविणें म्हणजे कुंपणाचें दार उघडें टाकणें होय. यंत्राच्या लोखंडी अंगास जमिनीशीं जोडणारी तार, जीस कारखान्यांत अर्थिंग म्हणतात, ती तर खरी रक्षक. कारण आंतील तार सुटून यंत्राच्या अंगास लागली तर प्रवाह माणसाच्या देहांतून न जातां तिच्या वाटे जमिनींत जातो आणि फ्यूज वितळून यंत्र बंद पडतें. येथें आपल्या मराठवाड्याचा एक विशेष ध्यानांत ठेवावा. आपली काळी जमीन पावसाळ्यांत ओल धरते, पण वैशाखांत तिला भेगा पडतात. कोळसा व मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला कीं प्रवाहाची वाट अडते. म्हणून उन्हाळ्यांत त्यांत वेळोवेळीं पाणी घालणें व तो तपासून घेणें हें जीव वांचविणारें काम आहे. डाळीची भुकटी व कापसाचा तंतु मोटारीवर सांचूं देऊं नये. ठिणगी पडल्यास तोच सर्पणाचें काम करितो.

यंत्र दुरुस्त करणारानें मुख्य खटका बंद करून त्यास स्वतःचें कुलूप लावावें, किल्ली आपल्याच खिशांत ठेवावी, आणि काम चालू असल्याची पाटी तेथें टांगावी. कारण दुसऱ्यानें नकळत खटका चढविल्यामुळें होणारा अपघात हा कुलपाच्या एका किल्लीनें टळतो. कोणास विजेचा धक्का बसून तो चिकटून राहिला असेल तर त्यास हातानें ओढूं नये. प्रथम खटका बंद करावा, तें शक्य नसल्यास कोरड्या जागीं उभें राहून कोरड्या लांकडानें त्यास दूर करावें. श्वास बंद पडला असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाची क्रिया लगेच सुरू करून वैद्यकीय मदत बोलवावी. धक्का बसलेल्या माणसास शुद्धीवर आणण्याच्या सूचना कारखान्यांत स्थानिक भाषेंतही लावाव्या असें १९५६ च्या वीजनियमांत सांगितलें होतें, त्यांतील हेतु हाच कीं, हें ज्ञान इंजिनिअराच्या कपाटांत न राहतां ज्याचा हात तारेजवळ जातो त्यास मिळावें. दीनबंधु पत्रानें तरी दुसरें काय केलें?

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे लहानसा धक्का, लहानशी ठिणगी, थोडक्यांत वांचलेला प्रसंग हाही लपवूं नये. १८८१ च्या कायद्यानें अपघाताची वर्दी देण्यास सांगितलें, तें शिक्षा करण्यापुरतेंच नव्हे. आज ज्यास नुसता मुंग्या आल्यासारखा झटका बसला, त्याच ठिकाणीं उद्यां दुसऱ्याचा प्राण जातो. कामगार बोलत नाहीं तो नोकरीच्या भयानें, आणि मालक ऐकत नाहीं तो खर्चाच्या भयानें. या दोन भयांच्या मध्यें माणूस मरतो. नारायणरावांनीं ५,५०० लोकांस एका कागदावर बोलतें केलें, हा त्यांचा सर्वांत मोठा पराक्रम मानावा लागेल.

त्यांच्या अंगीं कोणते गुण होते? वक्तृत्व होतें, पण त्याहून अधिक चिकाटी होती. राग होता, पण त्यांनीं तो अर्जाच्या पांच कलमांत बांधून टाकिला. ते स्वतः साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते. कारकून होते, त्यांस डोळे मिटून सुखानें राहतां आलें असतें. ज्यास दुखापत झालेली नाहीं त्यानें दुखापत झालेल्यासाठीं बोलावें, यांतच त्यांचें मोठेपण आहे. २००५ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढिलें, आणि मुंबईंतील श्रमविज्ञानाच्या सरकारी संस्थेस त्यांचें नांव दिलें आहे; तें उचितच झालें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें इंजिनिअर होतील, कांहीं कारखान्यांचे मालक होतील, कांहीं तारतंत्री होतील, व कांहीं हिशेबाच्या वह्या लिहितील. ज्या जागीं बसाल तेथून नारायणरावांसारखी नजर ठेवा. उघडी तार दिसली तर ती झांकून घ्या, थकलेला माणूस दिसला तर त्यास विसावा द्या, आणि जखमी माणसाच्या घरीं चूल पेटली आहे कीं नाहीं याची चौकशी करा. सायंकाळीं कामावरून सुटलेला प्रत्येक माणूस दोन्ही हातांनीं आपल्या मुलास उचलून घेऊं शकेल, तरच त्या थोर पुरुषाच्या ऋणांतून आपण कांहीं अंशीं मुक्त होऊं.